नव्या लॅपटॉपमधलं ब्लोटवेअर: काय काढायचं, काय ठेवायचं आणि बायोसमध्ये काय बघायचं?

खतावणी (प्रश्न)

सीए ऑफिससाठी ५ नवे लॅपटॉप घेतलेत. आय५ १३वी पिढी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज, सोबत ऑफिस होम अँड स्टुडंट. त्यांच्यावर टॅली, जीएसटी आणि इन्कम टॅक्सची पोर्टलं, डिजिटल सिग्नेचरचं टोकन आणि एक्सेल एवढंच चालणार. पण क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, बॅलन्सशीट सगळं त्यांच्यावरच राहणार, म्हणून ही चौकशी.

पहिल्यांदा सुरू केल्यावर सापडलेलं ब्लोटवेअर, म्हणजे न मागता भरून आलेली अ‍ॅप्स: मॅकॅफीची ट्रायल आणि त्याचंच वेबअ‍ॅडव्हायझर, उत्पादकाचं 'सपोर्ट' छापाचं अ‍ॅप आणि त्याच्या नावाच्या ७-८ सर्व्हिसेस, क्लाउड स्टोरेजची एक ऑफर, दोन गेम, स्टार्ट मेनूत लिंक्डइन, स्पॉटिफाय वगैरे.

१. 'रीसेट धिस पीसी' केलं की हे सगळं जाईल, की पेनड्राइव्हवरून फ्रेश विंडोज टाकावं लागेल?
२. उत्पादकाच्या कुठल्या सर्व्हिसेस बंद केल्या तर कीबोर्ड, पंखा, बॅटरी यांची बोंब होईल?
३. फ्रेश विंडोज टाकलं तरी बायोसमधून (विंडोजच्या आधी चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) काही परत येतं म्हणतात. खरं असेल तर तपासायचं कसं?
४. आत पाळत ठेवणारं काही नाही, याची खात्री कशी करायची?

अँटिव्हायरस कुठला घ्यावा हे सांगू नका, तो वाद वेगळ्या धाग्यावर घालू.

बूटपॉलिश

रीसेटने जाणार नाही, उलट पुन्हा बसवून मिळेल. उत्पादक आपली अ‍ॅप्स एका प्रोव्हिजनिंग पॅकेजमध्ये भरून सी ड्राइव्हवरच्या 'रिकव्हरी' या लपवलेल्या फोल्डरात ठेवून देतो आणि रीसेट करताना विंडोज ते इमानेइतबारे परत लावतं. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे तुमचं सगळं काढा, त्यांचं नव्हे. 'कीप माय फाइल्स' घेतलं तर काही मॉडेल्सवर 'चेंज सेटिंग्ज'मध्ये आधीची अ‍ॅप्स परत आणायची का, असा स्विच दिसतो, तो बंद ठेवता येतो. पण तुमच्या मशीनवर अजून डेटाच नाही. फ्रेश विंडोज टाका. ड्रायव्हर धरून एका मशीनला तास-दीड तास लागेल.

त्याआधी तीन कामं.

एक, उत्पादकाच्या सपोर्ट पानावरून फॅक्टरी रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवून घ्या. डेलचं ओएस रिकव्हरी टूल, एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, लेनोव्होचं डिजिटल डाउनलोड रिकव्हरी. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. वॉरंटीत मशीन सर्व्हिस सेंटरला गेलं की 'आधी ओरिजिनल विंडोज टाका' हेच पहिलं ऐकायला मिळतं, तेव्हा हा कामी येतो.

दोन, ऑफिसचं लायसन्स. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून वर्ड उघडा आणि खात्याच्या पानावर ऑफिस दिसतंय ना ते बघा. मगच पुसायला घ्या. पाचही लायसन्स एकाच खात्याला जोडू नका. पुढे कुठलं कुठल्या मशीनचं याचा पत्ता लागत नाही.

तीन, रिकव्हरी की. होम आवृत्तीत बिटलॉकरचं धाकटं रूप असतं, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाचं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ते गुपचूप सुरू होतं आणि ४८ आकडी की खात्यात जाऊन बसते. बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) किंवा टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) यांना हात लागला की पुढच्या वेळी निळा पडदा तीच की मागतो. फ्रेश विंडोजनंतर नवी की तयार होते, तेव्हा प्रिंट शेवटी काढा. एन्क्रिप्शन मात्र बंद करू नका. लॅपटॉप रिक्षात राहिला तर क्लायंटचा डेटा तेवढ्यानेच वाचतो.

आता इन्स्टॉल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा (त्यावरचं सगळं पुसलं जाईल). प्रॉडक्ट की बायोसमध्येच असते, त्यामुळे सेटअप एडिशन स्वतः ओळखतं आणि की विचारत नाही. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण आधी बायोसमध्ये एफ१२ बूट मेनू सुरू करावा लागतो.

भाषा विचारतात तिथे नीट बघा. सिंगल लँग्वेजमध्ये जी निवडाल तीच डिस्प्ले भाषा राहते. मराठी टायपिंगला याची आडकाठी नाही, कीबोर्ड कितीही जोडता येतात. त्याखालच्या 'टाइम अँड करन्सी फॉरमॅट'मध्ये 'इंग्लिश वर्ल्ड' निवडलं तर स्टार्ट मेनूतले ते लिंक्डइन-स्पॉटिफाय बहुतेक वेळा येतच नाहीत. मध्ये एकदा प्रदेशाबद्दलची एरर येते, तिथे 'स्किप'. नंतर सेटिंग्जमध्ये देश पुन्हा 'इंडिया' करा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअर चालत नाही.

बहुतेक जण अडकतात ते इथे: डिस्कची यादी रिकामी दिसते. एसएसडी मेलेली नसते. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. तुमच्या मॉडेलच्या पानावरून 'इंटेल रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर आधीच उतरवून, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो फोल्डर दाखवा. नुसती ईएक्सई फाइल ठेवली तर सेटअपला ती दिसत नाही, आतल्या आयएनएफ फाइल्स लागतात. दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. तो सगळं पुसणार असाल तरच वापरा, कारण आधीचं विंडोज त्यानंतर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून उभंच राहत नाही.

डिस्कवरचे सगळे पार्टिशन डिलीट करून एकच 'अनअलोकेटेड' जागा उरली की नेक्स्ट. डिस्क ० आणि १ यातली पेनड्राइव्ह कुठली ते आकड्यावरून नाही, साइझवरून ठरवा. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम भागतं.

मग विंडोज अपडेट, पुन्हा अपडेट, आणि 'ऑप्शनल अपडेट्स'मधले ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण उरला तर तेवढाच ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून. सगळे ड्रायव्हर बसले की 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये हार्डवेअर टॅबवर 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' उघडून 'नो' करा. नाहीतर उत्पादकाचं अ‍ॅप मागच्या दाराने परत येतं. हे आधी केलंत तर मात्र ड्रायव्हरही अडतील.

निमूट

वरचं बरोबर आहे, पण ज्यांच्या मशीनवर टॅलीचा डेटा बसून गेलाय त्यांनी निवडून काढलं तरी चालतं. सरसकट फ्रेश विंडोजचा आग्रह नको.

मॅकॅफी आधी सेटिंग्जच्या 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'मधून काढा. वेबअ‍ॅडव्हायझरची नोंद वेगळी असते, तीही काढा. रीस्टार्ट, मग मॅकॅफीचंच एमसीपीआर नावाचं सफाईचं टूल, परत रीस्टार्ट. एवढा सोपस्कार कशाला, तर दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला असेपर्यंत डिफेंडर हाताची घडी घालून बसतो. अर्धवट काढलेला मॅकॅफी असेल तर दोघंही काम करत नाहीत आणि कुणी सांगायलाही येत नाही. 'विंडोज सिक्युरिटी'त 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडा. अँटिव्हायरस म्हणून फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आणि त्यापुढे 'ऑन' दिसलं की झालं.

दुसरा प्रश्न. माहिती गोळा करणाऱ्या सर्व्हिसेस नावावरून ओळखू येतात: डेलवर डेटा व्हॉल्ट कलेक्टर आणि प्रोसेसर (सपोर्टअसिस्टबरोबर येतात), एचपीवर इनसाइट्स अ‍ॅनालिटिक्स (जुन्यांवर टचपॉइंट अ‍ॅनालिटिक्स), आसुसवर सिस्टिम अ‍ॅनालिसिस, एसरवर यूजर एक्सपीरियन्स इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम. बंद केल्या तर काही बिघडत नाही.

हात लावू नये अशा: लेनोव्होची फंक्शन की सर्व्हिस, एचपीची हॉटकी सर्व्हिस, आसुस ऑप्टिमायझेशन. नाव ऐकून हीच पहिली उडवावीशी वाटते, पण आसुसवर हॉटकी, कीबोर्डचा लाइट आणि बॅटरीची ८० टक्क्यांची मर्यादा हीच सांभाळते. इंटेल डायनॅमिक ट्यूनिंग तर अजिबात नको. ते गेलं की प्रोसेसर किती तापू द्यायचा याचा हिशेब चुकतो, मग मशीन एकतर रखडतं नाहीतर पंखा घोंघावतो. रिअलटेक आणि डॉल्बीचं काढलं तर आवाज येतो, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

पद्धत अशी ठेवा. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन स्टार्टअप टाइप थेट 'डिसेबल्ड' न करता आधी 'मॅन्युअल' करा आणि दोन-तीन दिवस वापरा. ब्राइटनेस, म्यूट, माइकचं म्यूट बटण, फिंगरप्रिंट, झाकण मिटून परत उघडल्यावर जागं होणं, चार्जर काढल्यावर पडदा मंद होणं, एवढं तपासा. ठीक असेल तर 'डिसेबल्ड'. बॅटरीच्या मर्यादेची सोय डेल आणि एचपीच्या बऱ्याच बिझनेस मॉडेल्सवर बायोसमध्येच असते, मग अ‍ॅपची गरज उरत नाही.

यूट्यूबवरच्या 'एक कमांड मारा, विंडोज सुसाट' वाल्या स्क्रिप्टपासून लांब राहा. त्या कमांडमध्ये इंटरनेटवरून आलेला मजकूर अ‍ॅडमिनच्या अधिकाराने थेट चालतो, आणि आज वाचलेला मजकूर उद्या तोच असेल याची हमी नाही. शिवाय त्यातल्या काही स्टोअरच उडवतात. मग कॅल्क्युलेटर, फोटोज अपडेट होत नाहीत आणि स्टोअर परत बसवणं हा वेगळा उपद्व्याप होऊन बसतो.

खतावणी

आभार. पहिल्या मशीनवर फ्रेश विंडोज टाकलं, डिस्क दिसली नाही, ड्रायव्हर दाखवल्यावर दिसली. आता तिसरा प्रश्न: सिस्टिम३२ फोल्डरात 'डब्ल्यूपीबीबिन' नावाची ईएक्सई आहे. पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टचा, पार्टिशन सगळे पुसलेले. मग ही आली कुठून?

हेक्सडंप

बायोसमधूनच आली. विंडोज ८ पासून 'विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल' नावाची सोय आहे. बायोस एक प्रोग्रॅम मेमरीत ठेवतो, विंडोज सुरू होताना तो उचलून सिस्टिम३२ मध्ये याच नावाने लिहितं आणि चालवतं. चोरीला गेलेला लॅपटॉप पुसला तरी शोधता यावा, हा यामागचा अधिकृत हेतू. उत्पादकांनी त्यातून आपापली अपडेटरं घुसवली.

लेनोव्हो सर्व्हिस इंजिनचं प्रकरण याच मार्गाचं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते गाजलं, त्यात सुरक्षेची भोकं निघाली आणि कंपनीला नवे बायोस देऊन ते काढावं लागलं. २०२३ च्या मे महिन्यात एक्लिप्सियम या संशोधन कंपनीने गिगाबाइटच्या २५० हून जास्त मदरबोर्ड मॉडेल्समध्ये असाच प्रकार दाखवला. बायोस एक डाउनलोडर सोडत होता आणि त्याचा एक पत्ता साध्या एचटीटीपीवरचा होता, म्हणजे वाटेत कुणीही फाइल बदलू शकला असता. पोटात दुखावं ते याच्यावर. जाहिरातीचं अ‍ॅप डोळ्याला दिसतं आणि काढता येतं, हे दिसतही नाही आणि बहुतेकांना ठाऊकही नसतं.

तुमच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब बघा. सही उत्पादकाची असेल तर बहुधा त्याचं अपडेटर, अब्सोल्यूट कंपनीची असेल तर चोरी-शोधक. सहीच नसेल किंवा भलतंच नाव असेल तर ते मशीन बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला गाठा.

नुसती फाइल डिलीट करून उपयोग नाही, पुढच्या बूटला परत लिहिली जाते. आधी बायोसमध्ये शोधा. आसुसवर टूल मेनूत 'आर्मरी क्रेट', गिगाबाइटवर 'अ‍ॅप सेंटर डाउनलोड अँड इन्स्टॉल', एमएसआयवर 'ड्रायव्हर युटिलिटी इन्स्टॉलर'. हे मुख्यतः डेस्कटॉपच्या बोर्डांवर. लॅपटॉपवर सोय नसेल तर रजिस्ट्रीतून बंद करता येतं. लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर इथे नवी ३२ बिटची डीवर्ड नोंद करा. नाव 'डिसेबल डब्ल्यूपीबीटी एक्झिक्यूशन', इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. डब्ल्यूपीबीटीपैकी फक्त डब्ल्यू मोठा, पुढची तीन अक्षरं लहान. किंमत १. मग फाइल डिलीट, रीस्टार्ट, आणि परत बघा. नाही आली तर नोंद लागू झाली. विंडोज पुन्हा टाकलंत तर ही नोंदही पुन्हा करावी लागेल.

अब्सोल्यूटचं वेगळं सांगतो. बायोसच्या सिक्युरिटी पानावर 'अब्सोल्यूट' किंवा जुन्यांवर 'कॉम्प्युट्रेस' दिसेल. बहुतेक बिझनेस लॅपटॉपमध्ये तो भाग असतोच, पण सदस्यत्व घेऊन कुणी जागा करेपर्यंत झोपलेला असतो. पर्याय तीन: एनेबल, डिसेबल, पर्मनंटली डिसेबल. तिसरा एकदा निवडला की परत फिरता येत नाही, आणि तुम्हाला ते चालेल. या झोपलेल्या भागाची चिंता उगाच नाही. २०१८ मध्ये ईसेटने लोजॅक्स नावाचा हल्ला उघड केला, त्यात याच कुळातल्या जुन्या एजंटमध्ये फेरफार करून तो हल्लेखोरांच्या सर्व्हरशी बोलायला लावला होता.

बायोस अपडेट करायचा असेल तर चार्जर लावून, आणि ती ४८ आकडी की हाताशी ठेवून.

टोकनधारी

चौथ्या प्रश्नाचं. सीए ऑफिस आहे म्हणून रूट सर्टिफिकेटपासून, म्हणजे विंडोज ज्यांच्या सहीवर विश्वास ठेवतं त्यांच्या यादीपासून, सुरुवात करा. बँकेच्या पानावरचं कुलूप खरं आहे की खोटं, हे ब्राउझर याच यादीवरून ठरवतो.

लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सप्टेंबर २०१४ पासून सुपरफिश यायचं. जाहिराती घुसवण्यासाठी ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवून एन्क्रिप्टेड पानंसुद्धा मध्येच उघडत होतं. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या मशीनवर खासगी की एकच, आणि तिचा पासवर्ड 'कोमोडिया', म्हणजे ते तंत्र बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो फुटला, त्यानंतर एकाच कॅफेतल्या वायफायवर बसलेला कुणीही त्या लॅपटॉपला खोटी बँक दाखवू शकला असता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेलचं ई-डेल-रूट निघालं. ते सर्टिफिकेट डिलीट केलं तरी रीस्टार्टनंतर परत यायचं, कारण डेल फाउंडेशन सर्व्हिसेसमधली एक डीएलएल (प्रोग्रॅमची जोडफाइल) ते पुन्हा बसवायची. आधी सर्व्हिस थांबवून ती डीएलएल काढायची आणि मग सर्टिफिकेट, हा क्रम पाळावा लागे. आजही काहीतरी 'परत येतंय' असं दिसलं की असाच कुणीतरी मागे बसलेला आहे असं समजा.

यादी डोळ्याने वाचत बसू नका, शेकडो नावं असतात. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं सिगचेक घ्या आणि अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डॅश-टीव्ही स्विचने चालवा. मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत नसलेलीच सर्टिफिकेटं ते दाखवतं. मग टीयूव्ही लावून हेच यूजरच्या स्टोअरसाठी. हे टोकनचं सॉफ्टवेअर टाकायच्या आधी एकदा आणि टाकल्यावर एकदा करा, दोन्ही निकाल जपून ठेवा. कारण टोकनचं आणि जीएसटीच्या सहीसाठी लागणारं एमसाइनर बसवल्यावर सीसीए इंडियाची (डिजिटल सह्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय) किंवा लोकलहोस्टची (म्हणजे याच मशीनची) सर्टिफिकेटं यादीत वाढू शकतात. ती तुम्हीच आणलेली आहेत. भीतीपोटी उडवलीत तर २० तारखेला रिटर्न भरताना सही होणार नाही. अव्हास्ट, कॅस्परस्की, ईसेट यांच्यासारखे अँटिव्हायरसही एचटीटीपीएस तपासायला स्वतःचं रूट बसवतात.

सगळी पाळत मुद्दाम ठेवलेली असते असंही नाही. २०१७ च्या मे महिन्यात मॉडझिरो या स्विस कंपनीने एचपीच्या काही लॅपटॉपमधला कोनेक्संटचा ऑडिओ ड्रायव्हर दाखवून दिला. माइक म्यूटचं बटण दाबलं का, हे बघण्यासाठी तो प्रत्येक कळ ऐकत होता आणि डीबगिंगचा कोड तसाच राहिल्यामुळे प्रत्येक कळ पब्लिक फोल्डरातल्या 'माइकट्रे' नावाच्या लॉग फाइलमध्ये लिहीत होता, पासवर्डसकट. त्यामुळे ड्रायव्हर बॉक्समधून आलाय तसाच ठेवू नका, अपडेट करा.

पुढे ऑटोरन्स, हेही सिसइंटर्नल्सचंच. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' आणि 'व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स' चालू करा. पिवळी ओळ म्हणजे फाइलच नाही, निरुपद्रवी उरलंसुरलं. गुलाबी ओळ म्हणजे सही पटत नाही, ती नीट वाचा. डिलीट करू नका, टिक काढा. चुकलं तर परत लावता येते.

विंडोजची स्वतःची हेरगिरी म्हणाल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन ऑप्शनल डायग्नॉस्टिक डेटा, टेलर्ड एक्सपीरियन्सेस, टायपिंगचा नमुना आणि अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी बंद करा. 'रिक्वायर्ड' डेटा होम आवृत्तीत पूर्ण बंद होत नाही, तसा दावा करणाऱ्या टूलवर विश्वास ठेवू नका. रिकॉलची, म्हणजे पडद्याचे फोटो काढून साठवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, काळजी तुम्हाला नाही. त्याला ४० टॉप्स वेगाचा एनपीयू (एआयच्या कामाचा वेगळा प्रोसेसर) लागतो, १३व्या पिढीत एनपीयूच नाही.

आणि विचारलं नाहीत तरी: होम अँड स्टुडंटचं लायसन्स व्यावसायिक वापरासाठी नाही. ऑफिसच्या कामाला होम अँड बिझनेस किंवा कंपनीचं सदस्यत्व लागतं. इतरांची ऑडिट करणाऱ्यांनी तरी हे बघावं.

निमूट

यात दुकानदार राहिला. उत्पादकापेक्षा आपल्याकडे तो जास्त धोकादायक आहे. 'सगळं फुल लोड करून देतो' म्हणून सील फोडलेलं मशीन असेल तर चार ठिकाणी बघा. इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समध्ये एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर, टीमव्ह्यूअर आहे का, आणि असेल तर त्यात कायमचा पासवर्ड लावलाय का. 'नेटप्लविझ' चालवून जास्तीचं अ‍ॅडमिन खातं आहे का. टास्क शेड्युलरमध्ये केएमएस (चोरीचं विंडोज-ऑफिस चालू ठेवणारा क्रॅक) नावाचं काही आहे का. आणि डिफेंडरच्या 'एक्सक्लुजन्स'मध्ये काय आहे. क्रॅक चालावा म्हणून तिथे अख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवलेला असतो. मग स्कॅन दरवेळी हिरवागार, कारण तो काही बघतच नाही.

वनड्राइव्हबद्दलही सांगतो, नाहीतर आठवड्यात इथेच 'डेस्कटॉप रिकामा झाला' असा नवा धागा येईल. सेटअपमध्ये नेक्स्ट-नेक्स्ट करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये हलतात, फुकटची ५ जीबी भरते आणि पैसे मागायला सुरुवात होते. थेट अनलिंक करू नका. आधी वनड्राइव्ह फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस', सगळं खाली उतरू द्या. मग वनड्राइव्ह सेटिंग्जच्या 'मॅनेज बॅकअप'मध्ये एकेक फोल्डर बंद करा. फाइल्स कुठे ठेवायच्या विचारलं तर 'ओन्ली ऑन माय पीसी'. शेवटी अनलिंक. टॅलीचा डेटा फोल्डर तर डॉक्युमेंट्समध्ये ठेवूच नका. टॅलीने उघडलेली फाइल आणि सिंक यांची मारामारी होऊन डेटा खराब होतो.

डच_दुपार

एक भर. स्वतःच्या लॅपटॉपवर आउटलुक किंवा टीम्समध्ये एखाद्या क्लायंट कंपनीचं खातं टाकताना 'अलाऊ माय ऑर्गनायझेशन टू मॅनेज माय डिव्हाइस' ही टिक आधीच लावलेली असते. ओके दाबलं की मशीन त्या कंपनीच्या व्यवस्थापनात जाऊ शकतं, मग पासवर्डचे नियम त्यांचे आणि दुरून पुसायचा अधिकारही त्यांचाच. टिक काढून खालचं 'साइन इन टू धिस अ‍ॅप ओन्ली' दाबा. आधीच झालं असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल', डिस्कनेक्ट.

इकडे युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून एजसुद्धा अनइन्स्टॉल करता येतं. पण सेटअपच्या वेळी निवडलेला देश धरतात, नंतर बदलून मिळत नाही. भारतात त्याला टास्कबारवरून काढण्यावर समाधान मानायचं.

खतावणी

सही उत्पादकाचीच निघाली, रजिस्ट्रीत नोंद केली, परत आली नाही. सिगचेकने टोकनच्या आधी काहीच दाखवलं नाही. शेवटचा प्रश्न: सहावा लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून रिफर्बिश्ड घ्यायचा आहे, कॉर्पोरेटमधून निघालेला. पैसे देण्याआधी काय बघू?

हेक्सडंप

दुकानातच बायोस उघडा. पासवर्ड मागितला तर तिथेच नमस्कार करा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड माहीत नसेल तर लेनोव्होच्या म्हणण्यानुसार मदरबोर्डच बदलावा लागतो, आणि 'काढून देतो' म्हणणारा चिप खरवडून काढणार. मग सिक्युरिटीत अब्सोल्यूट. 'अ‍ॅक्टिव्ह' असेल तर नको, मूळ मालकच ते सोडवू शकतो.

त्यानंतर ऑटोपायलट. मोठ्या कंपन्या मशीनचा हार्डवेअर हॅश मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात. रिफर्बिश करणारा इंटरनेट न जोडता लोकल खात्याने विंडोज लावून देतो, म्हणून दुकानात सगळं गोड दिसतं. सहा महिन्यांनी तुम्ही रीसेट कराल, वायफाय जोडाल आणि कुठल्यातरी कंपनीच्या स्वागताचा पडदा येईल, फक्त त्यांचाच लॉगिन घेणारा. म्हणून त्याच्यासमोर 'रिमूव्ह एव्हरीथिंग' रीसेट करायला लावा आणि पहिल्या सेटअपमध्ये तुमच्या फोनचा हॉटस्पॉट जोडा. मशीनवर प्रो आवृत्ती असेल याची खात्री करा, कारण होमवर ऑटोपायलट लागूच होत नाही आणि चाचणी फसवी ठरते. कंपनीचं नाव न येता घरचं की ऑफिसचं खातं, असा साधा प्रश्न आला तर मशीन मोकळं आहे. रीसेटला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुसऱ्याकडून घ्या, त्या रस्त्यावर दुकानांना तोटा नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो बायोसमधल्या नंबराशी जुळवा, मागच्या स्टिकरशी नको. खालचं झाकण बदललेलं असू शकतं.